अर्धा र

डंडीत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
टे नदी खिडकीत असते, पण ती आहे असं धरून चालायचं.
टेबलावर दोन संगणक.
एक गुरगुरणारा, बूड तापलेला, सतरा वर्षं वापरलेला;
एक सपाट, गप्प, अजून थर्माकोलचा वास येणारा.
मधे एक वायर.

शेजारच्या फ्लोराची नात आली आहे मदतीला.
तिचं नाव आयला.
(फलटणमध्ये याचा अर्थ काय होतो
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)
किती मेल असतील, ती विचारते.
असतील हजारेक.
निघतात एकतीस हजार.
बुटांचे सेल, फार्मसीच्या ड्यूटीचे तक्ते,
वॉरंटी संपलेल्या केटलची वॉरंटी,
आणि एका वेगळ्या कप्प्यात
भालूदादाची सहाशे बारा.

पट्टी सरकते. आम्ही चहा पितो.
एक्केचाळीस टक्क्यांवर पट्टी बसकण मारते.
आम्ही आणखी चहा पितो.

मग सगळं आलं.
तारखा आल्या, वहिनीच्या मोतीबिंदूचे रिपोर्ट आले.
पहिलं पत्र उघडलं
तर आत कंस, टक्के, डॉलर,
एकटाच कॅपिटल झेड,
जणू खिळ्यांची केस कोणी पायऱ्यांवरून सांडली.

भालूदादा कंपोझिटर. छत्तीस वर्षं.
लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल,
हरवलेल्या म्हशीची पत्रकं.
शिशातली ओळ उलटी वाचायचा,
आम्ही सुलटी वाचू त्याहून भरभर.
छापखाना मोडला तेव्हा खिळे किलोवर गेले.
भंगारवाल्यानं मुळाक्षरं आणि जोडाक्षरं
एकाच भावानं घेतली,
एवढंच त्याला लागलं होतं.
साठी उलटल्यावर तो की-बोर्ड शिकला.
एका बोटानं. ते बोट कायम काळं.

मजकूर आलाय, आयला म्हणाली,
फॉन्ट तिकडेच राहिला.
जुन्या यंत्रात खाली वाकून
तिनं एक फाइल शोधून आणली.
चौऱ्याऐंशी केबी.
अडीचशे किलोचा ऐवज
वायरीतून गेला, वायर हललीसुद्धा नाही.

आणि कंसांची मराठी झाली.
तुरीचे भाव. बोअरला लागलेलं खारं पाणी.
पोस्टातल्या नव्या बाईचं नाव, कारण नसताना.
जवळजवळ प्रत्येक पत्राखाली तीच ओळ:
ह्या टाइपात अर्धा र नाही,
"दुसर्या" असं उमटतं. समजून घे.
फोनला कोणी खोकल्याबद्दल माफी मागावी तसं.

खाली माझी उत्तरं.
दोन ओळींची, इंग्रजी अक्षरांतली मराठी:
गडबडीत आहे. रविवारी सविस्तर लिहिते.
नव्या यंत्रात शोधायची चौकट आहे,
एक शब्द टाकला की किती वेळा आला ते मोजून देते.
मी त्यात रविवार टाकला नाही.

त्याला पडदा दिसत नाही आता.
फोन लावला, त्याचंच पत्र त्याला वाचून दाखवलं,
दोन हजार सात, नोव्हेंबर.
चौथ्या वाक्याला म्हणाला, थांब,
तिथे पूर्णविराम आहे? अर्धविराम कर.
केला.
पुढे वाच.
वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं,
तो ऐकत नव्हता, प्रूफ तपासत होता.
मग जरा आवाज उतरवून:
आणि र?
नव्यात येतो.
करून बघ.
मी टाइप केलं, दुसऱ्या.
कसा दिसतो?
बारीक. नखाच्या कोरीएवढा.
हं. तोच.

बराच वेळ लाइनवर नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, कोणी बसवून दिला?
आयला, म्हटलं मी.
तो दचकला:
का गं, काय बिघडलं?